सही करायची घाई कोणाला आहे?

मागच्या अंकात दत्तकाबद्दल एका उत्तरात चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांची. त्यांना उत्तरं द्यायला पुष्कळ जण बसलेत. ढिगात चार पत्रं वेगळी निघाली, ज्यांनी मूल दिलं, द्यायला निघाल्या, किंवा देणारीच्या आसपास जे आहेत त्यांची. आज तेवढीच घेते. नावं-गावं काढलीत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं एका संस्थेच्या दत्तक विभागात होते, तेव्हा जे लिहिते आहे ते सगळं बाहेरून पाहिलेलं नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. लग्न झालेलं नाही, आठवा महिना चालू आहे. घरी फक्त मोठ्या बहिणीला माहीत आहे. पाचव्या महिन्यात ओळखीतून एक बाई भेटल्या. त्यांनी राहायला खोली बघून दिली, सोनोग्राफी आणि औषधांचे पैसे त्याच भरतात. बाळ एका चांगल्या घरी जायचं ठरलं आहे. महिन्यापूर्वी त्यांनी दोन कोऱ्या स्टॅम्पपेपरवर माझ्या सह्या घेतल्या. आधार कार्डही त्यांच्याकडेच आहे. आता मला नक्की काय हवंय ते कळेनासं झालंय. तसं बोलले तर म्हणाल्या, "मग आत्तापर्यंतचा खर्च भर, आणि त्या लोकांना मी काय तोंड दाखवू ते सांग." सरकारी मार्गाने गेलीस तर पेपरात फोटो येईल, पोलीस घरी जातील, असंही म्हणतात. मी माघार घेऊ शकते का?

उत्तर : हो. आज एवढंच वाचलंस आणि बाकीचं उद्या वाचलंस तरी चालेल.

'माघार' हा शब्द त्या बाईंनी तुझ्या तोंडी घातलाय. मुली, तू अजून काहीच दिलेलं नाहीस, त्यामुळे परत काय घेणार? २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या कलम ३५ प्रमाणे मूल समर्पित करायचं (आम्ही संस्थेतले लोक 'सरेंडर' म्हणतो) तर ते मूल घेऊन बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीपुढे, जावं लागतं. समिती चौकशी करते, समुपदेशन होतं, आणि मग समितीसमोर समर्पणपत्रावर सही होते. मूल जन्मालाच आलेलं नसताना कोऱ्या स्टॅम्पवर घेतलेली सही म्हणजे समर्पण नव्हे. ती तुला घाबरवायला घेतलेली आहे, आणि पत्रावरून दिसतं की ते काम ती चोख बजावते आहे.

समितीपुढे सही केल्यानंतरही कायदा तुला दोन महिने देतो, फेरविचाराला. त्या काळात बाळ सहसा विशेष दत्तक संस्थेत राहतं, किंवा चौकशी करून समिती ते देखरेखीखाली तुझ्याजवळही ठेवू शकते. साठ दिवसांत तू जाऊन 'माझं मूल मला द्या' म्हणू शकतेस. ते दिवस उलटले की मात्र बाळ दत्तकासाठी 'फ्री' होतं आणि दोर कापले जातात. हेही तुला आधी सांगायला हवं. जी व्यक्ती यातलं पहिलं सांगत नाही, ती दुसरंही सांगत नसते.

आता पैशांचं. मूल देण्याच्या बदल्यात पैसे देणं-घेणं हाच गुन्हा आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही तशी मनाई आहे आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. खोलीभाडं वसूल करायला त्या बाई कोणत्या कोर्टात जाणार आणि अर्जात लिहिणार काय? 'अमुक मुलीने बाळ देते म्हणून खर्च करवून घेतला आणि दिलं नाही' असं? त्यांनाही ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर कोर्टाचं नाव न काढता 'तोंड काय दाखवू' म्हणतात.

या मध्यस्थ बायका सुरुवातीला कधी वाकडं बोलत नाहीत. बेटा म्हणतात, डॉक्टरकडे सोबत येतात, रिक्षाचे पैसे देऊ देत नाहीत. घरच्यांनी ज्या दिवसांत पाठ फिरवलेली असते त्या दिवसांत ते फार मोठं वाटतं, आणि ते खोटंच असतं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक उपकाराची नोंद ठेवलेली असते. सातव्या महिन्यानंतर वही उघडते.

फोटोचं तर नेमकं उलट आहे. पेपरात फोटो येतो तो बेवारस सापडलेल्या मुलाचा, त्याचे आई-बाप शोधण्यासाठी. समर्पित केलेल्या मुलाची जाहिरात देता येत नाही आणि तुझी ओळख गुप्त ठेवणं यंत्रणेवर बंधनकारक आहे. समर्पित मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आई-वडिलांवर एफआयआर नोंदवायचा नाही, हे कायद्यातच लिहिलंय. (मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो आणि पोलिसांना कळवावंच लागतं. पण तीही कारवाई तिच्यावर नसते.) बाळाच्या बापाचं नाव सांगण्याची सक्ती कोणी केली, तर अविवाहित आईला ते उघड करायला भाग पाडता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. तो पालकत्वाच्या प्रकरणातला आहे, तरी नाव पुढे करायला उपयोगी पडतो.

काय करायचं ते सांगते. बहिणीला सोबत घे. १०९८ ला फोन कर, तो मुलांसाठीचा क्रमांक आहे, पण जन्माला यायच्या बाळासाठीही विचारता येतं. तुझ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता तिथे मिळेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांच्यामार्फत त्या बाईंना आधार कार्ड आणि स्टॅम्पपेपर परत मागणारी नोटीस जाऊ दे. तू स्वतः एकटी मागायला जाऊ नकोस. खोली सोडावी लागेल ही धास्ती असेल तर तेही पहिल्याच फोनवर सांग, महिलांसाठी निवारे असतात.

बाळ ठेव असं मी म्हणत नाही, दे असंही म्हणत नाही. तुला काय हवंय ते आज कळत नाही, यात बिघडलेलं काही नाही. आठव्या महिन्यात ते कळायलाच हवं असा हट्ट फक्त त्या बाईंचा आहे.

प्रश्न : मी एका प्रसूतिगृहात सिस्टर आहे. वर्षातून दोन-तीन तरी अशा मुली येतात ज्या बाळ देणार असतात. बाळंत झाल्यावर त्यांतल्या काही बाळ पाहायला मागतात. आमच्या मॅडम म्हणतात दाखवू नका, माया लागेल आणि सही करणार नाही. संस्थेच्या बाईही तसंच सांगतात. मला कसंतरी होतं. दाखवावं का?

उत्तर : दाखवा, सिस्टर. मांडीवर द्या. पाजायचं म्हणाली तर पाजू द्या. नको म्हणाली तर आग्रह करू नका, आणि दोन तासांनी पुन्हा एकदा विचारा.

हे मी आज ठामपणे सांगते, पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी तुमच्या मॅडमच्या बाजूला उभी होते. आमच्या संस्थेचा नियमच होता. बाळ झालं की दुसऱ्या खोलीत, आईच्या छातीला सुती कापडाचा पट्टा घट्ट, आणि तिसऱ्या दिवशी कागद. १९९६ च्या पावसाळ्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. शांत, काही मागायची नाही. सहीच्या दिवशी माझ्या टेबलासमोर ओढणी घट्ट धरून बसली होती, आणि पुढे वाकून सही करताना माझ्या खाकी फाइलवर दोन गोल ओले डाग पडले. मी ते पाहिले आणि फाइल उलटी ठेवली. तिने विचारलं, "मॅडम, त्याचे कान बघू का? नुसते कान. आमच्याकडे सगळ्यांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली असते." मी म्हटलं, "काय करायचंय बघून? तुला पुढचं आयुष्य पडलंय." हे वाक्य मी त्या वर्षांत किती जणींना ऐकवलं असेल! ते कोणासाठी म्हणत होते, हा विचार तेव्हा शिवला नाही.

तीन आठवड्यांनी ती फाटकाशी आली. आत यायला तयार नव्हती. पुन्हा तेच, कान बघायचेत. मी सांगितलं, बाळ गेलं. बाळ गेलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर तिसऱ्या पाळण्यात होतं. पण एका जोडप्याला ते दाखवून झालं होतं आणि त्यांनी आणलेला खुळखुळा पाळण्याला बांधलेला होता. आता हिने रडारड केली तर त्या लोकांना काय सांगायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. त्या पहिल्या पत्रातल्या बाईंसारखाच, अगदी शब्दाशब्दाने. ती 'बरं' म्हणून गेली. मी वर गेले आणि बाळाचा कान पाहिला. पाळी चिकटलेली होती.

आमच्याच कपाटात तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालाची सायक्लोस्टाइल प्रत होती. परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल त्या वकिलांनी लिहिलेलं पत्र न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं होतं. न्यायमूर्ती भगवतींनी त्यात लिहिलंय की मूल देण्याचा निर्णय बाळ जन्मण्याआधी घ्यायला लावू नये, जन्मल्यावर तीन महिनेही घ्यायला लावू नये, आणि आईवर दबाव नको. आमचं मूल परदेशी जाणार नव्हतं, म्हणून तो निकाल आपल्याला नाही अशी आम्ही सोयीची समजूत करून घेतली होती. प्रत मात्र नीट बाइंड करून ठेवली होती.

पुढे कामात एक गोष्ट लक्षात आली. बाळ पाहिलेल्या, पाजलेल्या पुष्कळ मुलींनीही शेवटी सही केलीच. परिस्थिती तीच होती, ती काही मांडीवरच्या बाळाने बदलत नाही. फरक नंतर दिसायचा. बाळ पाहिलेली मुलगी वर्षाने भेटली तर रडायची आणि बोलायची. न पाहिलेली रस्त्यातल्या प्रत्येक तेवढ्या मुलाकडे बघत राहायची. हा काही अभ्यासाचा निष्कर्ष नाही, माझ्या ओळखीतल्या मुलींचं सांगते आहे.

आणि 'सही करणार नाही' ही भीती असेल तर मॅडमना विचारा, मग बिघडलं काय? दत्तकाच्या नियमांत तर मूल शक्यतो आईजवळ राहावं यासाठी आधी प्रयत्न करा असंच सांगितलंय. संस्थेने आईला तसं समजावायचं असतं. उलटं समजावणाऱ्या संस्थेच्या बाई तुमच्या वॉर्डात वारंवार दिसत असतील, तर त्यांच्याकडे ओळखपत्र मागा. नोंदणीकृत संस्थेच्या असतील तर दाखवतील. नसतील तर तिथल्या तिथे १०९८ लावा. मुलाचा ताबा असलेल्यांनी विक्री केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ ची शिक्षा वाढते, किमान तीन आणि कमाल सात वर्षं. त्या कलमात रुग्णालय आणि प्रसूतिगृहातले कर्मचारी असा स्पष्ट उल्लेख आहे. उद्या काही उघडकीला आलं तर मॅडमच्या आधी ड्यूटीवरच्या सिस्टरचं नाव रजिस्टरमध्ये असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक जुनी आठवण करून देते, म्हणजे हे काही नवं फॅड आहे असं मॅडमना वाटायला नको. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी जाहीर सांगितलं होतं की इथे गुपचूप, सुखरूप बाळंत व्हा, आणि मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. त्या काळात, त्या बायकांना, मर्जी विचारली होती.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी तीन वर्षं दत्तकाच्या प्रतीक्षायादीत आहोत. एका ओळखीच्या डॉक्टरांच्या माध्यमातून 'डायरेक्ट बाळ' मिळण्याची शक्यता आहे. जन्मदाखल्यावर थेट आमचंच नाव येईल, असं मध्यस्थ सांगतात. मुलीची संमती आहे, तिने बाळाचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यामुळे तिला त्रास होणार नाही. हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

उत्तर : नैतिक राहू द्या, आधी फौजदारी बघा. खोटा जन्मदाखला हा एक गुन्हा, आणि समर्पित मूल रीतसर प्रक्रियेबाहेर देणं किंवा घेणं हा दुसरा. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. घेणाराही त्यात येतो. पैसे फिरले असतील तर कलम ८१ आहेच. नोंदणी केंद्र सरकारच्या दत्तक पोर्टलवर, गृहभेट, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, याला दुसरी वाट नाही. नात्यातलं किंवा हिंदू कायद्याखालचं दत्तक वेगळं. पण तिथेही मूल आई-बाप स्वतः, उघडपणे, देतात. मध्यस्थाच्या हातून दाखला बदलून नव्हे.

तुमच्या तीन वर्षांबद्दल मला सहानुभूती आहे. पाळणा आणून ठेवलेल्या आणि मग त्यावर धुतलेले कपडे टाकायला लागलेल्या घरांत मी गृहभेटीला गेले आहे. तरी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. 'तिने तोंडही पाहिलेलं नाही, त्यामुळे तिला त्रास होणार नाही.' हे तुम्हाला तिने सांगितलं का? तुम्ही तिला भेटला आहात का? तिला दोन महिने मिळतात हे तिला कोणी सांगितलंय का? मध्यस्थाला एवढं एकच विचारून बघा : "तिची समितीपुढे सही होऊन साठ दिवस कधी पुरे होतात?" मग त्याचा चेहरा बघा.

आणि ते मूल अठरा वर्षांचं होईल. दाखल्यावर तुमचं नाव असेल, म्हणजे त्याने शोधायचं ठरवलं तरी सुरुवात करायला एक कागद नसेल.

प्रश्न : मी एकवीस वर्षांपूर्वी मुलगी दिली. तेव्हा नाव गुप्त ठेवा असं लिहून दिलं होतं. आता लग्न झालंय, दोन मुलं आहेत, मिस्टरांना काही माहीत नाही. ती शोधत आली तर संस्था माझा पत्ता देईल का? आणि (हे विचारायला मला आठ दिवस लागले) ती आलीच नाही तर?

उत्तर : ताई, पत्ता परस्पर देणार नाहीत. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर आपलं मूळ शोधायचा अर्ज करता येतो. पण आईने समर्पणाच्या वेळी गुप्तता मागितली असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते. मुलीच्या वतीने तिसऱ्या कोणाला हा शोध करता येत नाही. संमतीसाठी तुम्हाला गाठायचं तरी कसं, हा प्रश्न उरतो. आमच्याकडे एकदा अशी चौकशी थेट घरी पोस्टकार्डाने गेली होती, उघड्या पोस्टकार्डाने! तेव्हा संस्थेला आजच कळवून ठेवा, संपर्क करायचा झाला तर कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, कोणाच्या नावाने. बहीण, मैत्रीण, कोणीही विश्वासातलं चालेल.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एक माहिती देते. तुम्ही नाही म्हणालात किंवा तुमचा ठावठिकाणा लागला नाही, तरी मूल का दिलं, कोणत्या परिस्थितीत दिलं, हे मुलीला सांगायची नियमात तरतूद आहे. सांगणार म्हणजे फाइलमध्ये असेल ते वाचून दाखवणार. आणि त्या काळच्या फाइलींत काय असे ते मी सांगते, कारण त्या रकान्यात लिहिणाऱ्यांपैकी मी एक होते. 'कारण' असा दीड इंचाचा रकाना. त्यात आम्ही लिहायचो : अविवाहित. किंवा : सामाजिक अडचण. एवढंच. ज्या मुलीने रात्रभर पाळण्याशेजारी बसू द्या म्हणून हट्ट धरला होता, तिच्याही फाइलवर 'सामाजिक अडचण'.

तर तुम्ही लिहा. साध्या कागदावर, तुमच्या भाषेत. नाव घालू नका, गावही नको. ती जन्मली तेव्हा सकाळ होती की रात्र, किती वजनाची होती, तुम्ही तिला मनात काय म्हणत होता, तेव्हा घरात कोण कोण होतं आणि कोण नव्हतं. पाकीट बंद करून संस्थेला द्या, फाइलला जोडा म्हणावं, आणि पोचपावती घ्या. संस्था बंद पडली असेल तर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात विचारा, कागदपत्रं कुठे गेली ते त्यांना माहीत असायला हवं. ती आलीच नाही तर पाकीट तिथेच राहील. आली, तर त्या दीड इंचाच्या रकान्याबरोबर तिला तुमचाही कागद मिळेल.